मसाल्याचा ओटा आणि विक्रोळीची पेटी

आई, आता मी तुझ्यापेक्षा म्हातारी झाले आहे. तू गेलीस त्या वयाला मागे टाकूनही बरीच वर्षं झाली. तेव्हा आज मध्येच टोकू नकोस, मला सगळं बोलू दे. विक्रोळीची पेटी आठवते ना? तिला तू शेवटपर्यंत पॉवर सप्लाय म्हटलं नाहीस. पप्पांच्या विक्रोळीच्या कारखान्यानं भंगारात काढली होती. कोपरे चेमटलेले, पुढे एक मीटर आणि एक मोठा नॉब. पप्पांनी ती आपल्या अंधेरीच्या घरापर्यंत खांद्यावरून आणली आणि ओट्यावर माझ्यासमोर ठेवली. रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करून मी घरी बसले होते, कारण बाईमाणसाच्या हातात रेडिओ कोण देणार, असं जो तो दुकानदार हसत हसत सांगायचा. मग मी ठरवलं, आपल्याच ओट्यावर दुकान टाकायचं. ही पेटी चालली असती तर घरातल्या विजेतून हवे तेवढे व्होल्ट काढून कुठलाही ट्रान्झिस्टर रेडिओ तपासता आला असता. पण पेटी मेलेली होती, आणि ओटा तुझा होता.

ओटा तुझा म्हणजे मसाल्याचा. उन्हाळ्यात तिथं मिरच्या वाळायच्या, मग कुटणाऱ्या बाया उखळ-मुसळ घेऊन यायच्या, आणि वर्षभराचा मसाला बाटल्यांत ठासून भरला जायचा. अख्ख्या गावठणात आपल्या मसाल्याचं नाव होतं आणि तुला त्याचा भारी तोरा होता. त्यात मावशीनं माझ्यासाठी टायपिंगचा क्लास बघून ठेवलेला. "पोरगी तारा जोडत बसणार आणि तू बघत बसणार काय?" असं ती तुला माझ्यासमोरच विचारायची. तू निकाल दिलास. "ईस्टर झाला की मसाल्याच्या बाया येतील. तोवर ओटा तुझा. तोवर हे खोकं चाललं नाही, तर मुकाट टायपिंगला जायचं. मग रडायचं नाही हां." मी हो म्हटलं. मी घाबरलेय हे तुला दिसलं असतं तर तू तेवढ्यावरच टायपिंगची फी भरून आली असतीस.

मी कामाला लागते. पेटी सरळ विजेला लावायची नाही, मध्ये एक बल्ब जोडायचा, एवढं शिकलेली आहे. आत शॉर्ट असेल तर पेटी जळत नाही, बल्बच पेटतो. बल्ब लख्ख पेटतो. तू पदराला हात पुसत बाहेर येतेस आणि खूश होऊन म्हणतेस, "चालली की गं!" मी सांगते, आई, बल्ब पेटला म्हणजेच वाट लागली. तू माझ्याकडे असं बघतेस, जणू मला ऊन लागलंय. मग एकेक भाग सोडवून तपासते. एक डायोड गेलेला निघतो. तो बदलल्यावर बल्ब मंदावतो, पण मीटरचा काटा शेवटाला जाऊन चिकटतो आणि नॉब कितीही फिरवला तरी हलत नाही. म्हणजे व्होल्ट आवरणारा ट्रान्झिस्टर नावाचा पेटीतला मोठा भागही आतून शॉर्ट झालाय. लॅमिंग्टन रोडवरून नवा आणते, बसवते, नॉब फिरवते, आणि काटा माझ्या बोटांबरोबर शहाण्यासारखा वर-खाली होतो. मी एवढ्या जोरात ओरडले होते की शेजारची कोंबडी उडून आपल्या कौलांवर बसली.

त्या संध्याकाळी आपण चर्चला गेलो तेव्हा पेटीचं झाकण उघडंच होतं. तुला काळजी वाटली. धूळ जाईल म्हणून तू निघता निघता तिच्यावर एक कापड टाकलंस, नीट चारी बाजूंनी खोचून. दुसऱ्या दिवशी मावशी आपला बंद पडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन हजर! तिच्या मुलानं बोटीवरून आणलेला, तिचा जीव की प्राण. "घे, कर बघू," म्हणत ती खुर्चीत अशी बसली, जणू आता तिला माझा पेपर तपासायचाय. मी पेटी सुरू केली, आधी नुसता काटा बघितला. सहा व्होल्टवर ठेवायला गेले तर तो एकदम वीसवर, मग खाली, मग पुन्हा वर. मावशीचा ट्रान्झिस्टर जोडला असता तर त्याचा धूर निघाला असता आणि त्याबरोबर माझं दुकानही गेलं असतं. नॉबला नुसतं बोट लावलं तरी काटा नाचत होता, म्हणजे दोष नॉबच्या मागेच. तो भाग काढून नाकाजवळ धरला मात्र, मला जी शिंक आली! मग तुला, मग मावशीला. ते कापड मिरच्या वाळवायचं होतं, आई. आत सगळी लाल भुकटी.

तू कपाळावर हात मारून घेतलास. मी म्हटलं, स्पिरिट संपलंय, त्याशिवाय हे धुता येणार नाही. तू क्षणभर मावशीकडे बघितलंस, आत गेलीस आणि तांदळाच्या डब्यामागची ती बाटली घेऊन आलीस, जी आपल्या घरात नव्हतीच. दारूबंदीच्या काळात ती फक्त पोटदुखीला होती म्हणे. मावशी म्हणाली, "अगं, पहिल्या धारेची आहे, जरा बेतानं!" मी बेतानं धुतलं, उन्हात वाळवलं, बसवलं. काटा सहावर गेला आणि तिथंच थांबला. तेव्हा कुठं मी ट्रान्झिस्टर उघडला. एक तार सुटली होती, एवढंच. कथलाचा डाग देऊन ती जोडली आणि ओट्यावर गाणं लागलं. मावशीनं आधी रेडिओकडे बघितलं, मग माझ्याकडे. तू मात्र उखळाच्या जागेकडे बघत होतीस. मग अगदी भाजीचा भाव सांगावा तसं मावशीला म्हणालीस, "टायपिंगचं राहू दे. यंदा मसाल्याला तुझं अंगण दे. या पेटीला मिरची सोसत नाही."

मला तेव्हा तुला मिठी मारायची होती, पण आपल्यात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी खाली मान घालून स्क्रू आवळत बसले. किती आनंद झाला होता म्हणून सांगू! त्या ओट्यावर मी केस पांढरे होईपर्यंत दुकान चालवलं.

हे पत्र मृतांच्या दिवशी तुझ्या कबरीवर मेणबत्तीपाशी ठेवीन असं मनात होतं. पण शेजारच्या कबरींत सगळ्या तुझ्या मैत्रिणीच आहेत, तुझ्याआधी त्याच वाचतील. म्हणून राहू दे. एकच सांगते. मावशीच्या अंगणात आंब्याची सावली, मिरच्या धड वाळल्याच नाहीत, आणि मसाल्याची चव गेली असं तू वर्षभर ताटावर बसून म्हणत होतीस. मी दर वेळी म्हणायचे, छे गं, काहीतरीच. गेली होती, आई. चांगलीच गेली होती. पण त्या वर्षी मी रोज कालवण दुसऱ्यांदा मागून घेतलं.