हिमनदीवरून आलीस तेव्हा

प्रिय हाल्लाताई,

बाळ आता अंगावर नीट पितो. रडायला लागला की मेंढ्यासुद्धा गप्प होतात. तू सांगितल्याप्रमाणे मी अंथरुणातून उठलेले नाही. उठले असं सासूबाई सांगतील, त्यांचं ऐकू नकोस.

नदीने पुन्हा पात्र बदललंय. आता ती आमच्या कुरणाखालची वाळू कुरतडते आहे. हिमनदीने कधीकाळी ढकलून आणलेला दगडमातीचा उंचवटा मध्ये आहे, म्हणून घर उभं आहे. त्याच्या आडोशाला बटाटेही बरे आलेत. जमीन वाहून नेणारं पाणी त्याच बर्फाचं आणि बांधही त्यानेच घातलेला, मग त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

त्या दिवशी पाणी इतकं चढलं होतं की घोडे पाय घालेनात. सासूबाई म्हणाल्या, “चाळिशीत पहिलं बाळंतपण, तेही नदी फुगल्यावर! वेळ बरी साधलीस गं.” बाळ पायाळू आहे हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून तर त्यांची बडबड थांबत नव्हती. नदी ओलांडता येईना, तेव्हा ती बर्फाखालून जिथे बाहेर पडते त्याच्याही वरून, हिमनदीच्या अंगावरून माझा नवरा पाल तुला सुईणपणासाठी आणायला गेला. येताना भेगांवर फळी टाकत, कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत त्याने तुला आणलं. आत येताच तू म्हणालीस, “आधी कॉफी. मग बघू, कोण अडून बसलंय ते.” कळांमध्येही मला हसू आलं.

वाटेतलं पालने नंतर सांगितलं. मधोमध तू थांबलीस. पायांखालून, बर्फाच्या आतून, पाण्याची घरघर येत होती. “ही तीच ना?” तू विचारलंस. तो “हो” म्हणाला. “मग उभा काय राहिलास? पुढे हो.”

दोन वर्षांपूर्वी टपाल घेऊन निघालेल्या तुझ्या लेकाला, ओद्दुरला, या नदीने नेलं, घोडा तेवढा परतला. तेव्हापासून तू इकडे फिरकली नव्हतीस. तू दारातूनच नाही म्हणशील असं पालला वाटलं होतं. पण तो बोलायच्या आत तू पिशवी भरायला घेतलीस.

रविवारी पाद्रीबुवा बाप्तिस्म्याला येणार आहेत. आम्हाला बाळाचं नाव ओद्दुर ठेवायचं आहे. पण ही हाक या घरात रोज घुमेल आणि कधीतरी तुझ्या कानावर पडेल. ते सोसणार नसेल तर स्पष्ट लिही. दुसरं नाव ठेवू, माया तीच राहील. सोसणार असेल तर ये. बाळाला तूच हातात धर आणि ते नाव पहिल्यांदा तूच उच्चार.

तुझीच,
स्टेइनून