चार चमच्यांची बाटली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जुन्या वाइनच्या बाटल्यांची बुचे बदलणे (गुडघ्यांमुळे तीन वर्षांपासून बंद), आज मंगळवार, दिनांक ९ मार्च २०१० रोजी सकाळी साडेनऊ वाजता, चहा पिऊन आणि चष्मा लावून, कोणाच्याही धाकाला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. धाक दाखवायला घरात कोणी नाही, हे वकीलबाईंनी लिहायला सांगितले नव्हते, मी आपण होऊन लिहिले. बुद्धी शाबूत आहे. जीभही शाबूत आहे, आणि माझ्या धंद्यात मान तिलाच जास्त होता.

कलम १. दोन खोल्या, खालचे तळघर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला मिळावी. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिच्या लग्नाची बातमी मला उडत उडत कळली, तिची मुले मी पाहिलेली नाहीत. तिने घर विकले तरी हरकत नाही. फक्त तळघराच्या दाराला खालून धक्का द्यावा लागतो, हे घेणाऱ्याला सांगावे.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे बूच न मोडता काढायचा दोन पात्यांचा चिमटा, नवे बूच ठोकायचे यंत्र आणि लाख वितळवायचे पितळी भांडे, समोरच्या चावीवाल्याला द्यावीत. त्याला वाइनमधले ओ की ठो कळत नाही, पण हत्यार पुसून ठेवायची सवय त्याला आहे. मी दोन दिवस खिडकी उघडली नाही तर वर येऊन दार वाजवणारा तो एकटाच आहे.

कलम ३. शहरातले नामांकित दातांचे डॉक्टर, ज्यांच्या घरी मी एकतीस वर्षे काम केले, त्यांना काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवतो. डॉक्टरांकडे नऊशे बाटल्या आहेत आणि त्यांतल्या सहाशेंची बुचे मी ठोकलेली आहेत. एकदा त्यांनी एक फार जुनी बाटली उघडायची ठरवली आणि मला म्हणाले, "बूचवाले, संध्याकाळी तुम्ही पण या." मी शर्टाला इस्त्री केली. गेलो. टेबलाभोवती आठ खुर्च्या, आठ माणसे. मी उभ्याने बूच काढले, सगळे वा वा म्हणाले, आणि डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरंय, या आता." मी आलो. तो शर्ट मी पुन्हा घातला नाही.

ज्यांना माझा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बूच वीस-पंचवीस वर्षांनी खराब होते आणि बाटलीतली वाइन हळूहळू उडून कमी होते. मग बूचवाल्याला बोलावतात. तो बाटली उघडतो, लांब दांड्याच्या चमच्याने एक चमचा चव घेतो, आणि माल बिघडलेला नसेल तर त्याच द्राक्षबागेच्या, त्याच सालच्या दुसऱ्या बाटलीतून भर घालून नवे बूच ठोकतो. एकच चमचा. दुसरा घेणे म्हणजे चोरी. अठ्ठेचाळीस वर्षांत मी लोकांच्या घरातल्या उत्तमोत्तम बाटल्यांतून एकेक चमचा चाखला. माझ्यासाठी पेला कोणी भरला नाही.

कलम ४. माझ्या स्वतःच्या चाळीस बाटल्या. धनिकांना नको असलेल्या, लग्नाच्या बाजारात न खपणाऱ्या मुलींसारख्या मागे राहिलेल्या या बाटल्या आहेत, पण अशा दुसऱ्या कुठे मिळणार नाहीत. एकीची मान वाकडी आहे, कारण काच ओतणाऱ्याचा हात हलला असणार. एकीचे लेबल उलटे चिकटले आहे. एक कित्येक वर्षे नदीच्या तळाशी होती, तिला शिंपले चिकटलेले आहेत, ते खरवडू नयेत. एकीत काचेचा बुडबुडा आहे, उन्हात धरला की आत माशी अडकल्यासारखा दिसतो. यांतली एकही मी उघडलेली नाही. बाटली उघडली की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही आणि एका माणसाला ती संपत नाही. उरलेली अर्धी कोणाला द्यायची, हा प्रश्न मला दर वेळी पडला आणि दर वेळी मी बाटली परत आडवी ठेवली. तर या बाटल्या विकू नयेत. या गल्लीत ज्या ज्या घरी जेवायला निदान दोन माणसे बसतात, त्या प्रत्येक घरी एक द्यावी. चावीवाल्याने लक्ष ठेवावे.

कलम ५. कपाटाच्या वरच्या खणात एक खोकल्याच्या औषधाची बाटली आहे. लाल लाखेने बंद केलेली. तिच्यात चार चमचे वाइन आहे. ती, आणि तिच्याशेजारचा लांब दांड्याचा चांदीचा चमचा, माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, मिळावा.

ही बाटली काय आहे ते ताईला माहीत नाही. भावोजी एका मोठ्या बागेत पिंपांवर देखरेख करायचे. लग्नाच्या वर्षी त्यांनी मालकाच्या परवानगीने वाइनचे एक लहान पिंप स्वतःच्या हाताने घातले. त्याच्या बाटल्या संपत संपत एक उरली, आणि भावोजी गेले. ताई दर वर्षी त्या बाटलीला वाइनच्या पातळीवर बाहेरून दोरा बांधायची, किती उडाली ते कळावे म्हणून. बूच गळायला लागले तेव्हा तिने माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "बूच तेवढं बदल. आतलीला हात लावू नकोस."

मी लावला. पातळी फार खाली गेली होती, तशी ठेवली असती तर दोन वर्षांत नासली असती. तशीच दुसरी बाटली जगात नव्हती, म्हणून डॉक्टरांकडची एक भारी वाइन भरीला घातली. धंद्याच्या हिशेबाने माझे बरोबर होते. पण ओतण्याआधी मनात काहीतरी खुट्ट झाले असणार, कारण मी आधी चार चमचे औषधाच्या बाटलीत काढून ठेवले. ताईने बाटली हातात घेतली तर दोरा खाली आणि वाइन वर. ती एवढेच म्हणाली, "ही आता ह्यांची राहिली नाही. तुझ्या डॉक्टरची झाली." मी म्हणालो, "एवढ्या-तेवढ्यावरून काय बोलतेस?" तिने माझ्यासमोर सगळी बाटली मोरीत ओतली. तेव्हापासून सतरा वर्षे आम्ही एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. चार चमचे नेऊन दिले असते तर चूक कबूल केल्यासारखे झाले असते, म्हणून नेले नाहीत. मला ताईची फार आठवण येते. हे कायद्याच्या कागदात बसते की नाही ते वकीलबाईंनी पाहावे.

कलम ६. साक्षीदार दोन लागतात. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे देणे बाद होते. त्या स्वतः सही करणार नाहीत, तो त्यांचा नियम आहे. चावीवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "सही काय, कुणीही करेल. हत्यारं मला कोण देणार?" ज्याला मी काही दिलेले नाही असा ओळखीचा माणूस शोधता शोधता मी डॉक्टरांपर्यंत पोहोचलो. त्यांनी यायचे कबूल केले. दुसरा माणूस सापडेना. शेवटी ताईला पत्र टाकले आहे. सहीसाठी येशील का, एवढेच विचारले आहे, कारण नुसते ये लिहायला हात धजावला नाही. ती आली तर कलम ५ बाद होईल, हे मला समजते. ती येईल असे वाटत नाही.

पुढचा मजकूर त्याच कागदावर, मंगळवार, १६ मार्च.

ताई आली. चावीवाल्याने तिला बसस्टँडवरून स्कूटरवर आणले. ती दारात उभी राहून म्हणाली, "जिना झाडत नाहीस वाटतं." डॉक्टर आधीच आलेले होते. तिने चष्मा आणला नव्हता, म्हणून मी सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला, कलम ३ सुद्धा. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. कलम ५ झाल्यावर ताई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचले.

"म्हणजे मी सही केली तर ही मला मिळायची नाही?"

"मृत्युपत्रातून नाही."

"आणि नाही केली, तर तू मरायची वाट बघत बसायचं?"

"तसंच आहे खरं."

"मला शहात्तरावं चालू आहे. मला तेवढा वेळ नाही. काढ बूच."

मी लाख फोडली, बूच काढले. डॉक्टर उभे होते, त्यांना खुर्ची दिली. ते वाकून म्हणाले, "कुठली बाग?" ताई म्हणाली, "आमच्या ह्यांची."

पहिला चमचा ताईने घेतला आणि तोंड वाकडे केले. वाइन आंबून गेली होती, औषधाच्या बाटलीत सतरा वर्षे कोण टिकणार? ती म्हणाली, "अशीच होती?"

"नाही. तेव्हा मी एक चमचा घेतला होता. सुक्या अंजिराची चव होती. मागून थोडा धूर, भावोजी पिंप आतून जाळून घ्यायचे त्याचा. आणि गिळल्यावरसुद्धा बराच वेळ तोंडात राहायची."

"एवढं तुला तेव्हाच कळलं होतं? मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

तिने दुसरा घेतला, थांबली, तिसरा घेतला. मग चमचा माझ्यापुढे धरला. "तुझा एक होऊन गेलाय. तरी घे."

मी घेतला.

सबब कलम ५ रद्द समजावे. त्यात लिहिलेली वस्तू आता अस्तित्वात नाही. चमचा ताईने धुतला आणि पिशवीत टाकला, तो मी जिवंतपणी दिला असे समजावे. ती साडेबाराच्या बसने परत जाणार आहे. बाकीची कलमे कायम.

ठिकाण: राहते घर, मागची खोली. दिनांक: १६ मार्च २०१०.

लिहून देणार: (सही) बूचवाले

साक्षीदार पहिला: (सही) दातांचे डॉक्टर. वरील कलम ३ वाचले. खरे आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) थोरली बहीण. मला या कागदातून काही नको, माझे मला मिळाले. जिना झाडून ठेव.