दादाला रोलरवरून उतरवायचं आहे

सोमवार, ८ एप्रिल

हॉस्पिटलच्या पार्किंगमधलं ठिगळ उखडलं. घालून महिनासुद्धा झाला नाही! सकाळी सातला तिथल्या देखभालवाल्याचा फोन — "डांबर टाकलं होतं की काजळ लावलं होतं?"

जाऊन पाहिलं. अपघात विभागाच्या दारासमोर, अँब्युलन्स जिथं वळते नेमकं तिथंच हातभर खड्डा. त्यांनी घाईघाईनं त्यात खडी आणि सिमेंट कोंबलंय, त्यामुळे खाली काय बिघडलं होतं ते कळायला मार्ग नाही. काल एका बाईंचं स्ट्रेचर त्यात अडकलं. बाईंचा पाय मोडलेला. किंचाळल्या म्हणे. देखभालवाल्यानं हे दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा नुसती मान हलवली.

पाठ दुखतेय. कशाचाच उत्साह नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

मालकीणबाईंनी ऑफिसात बोलावलं. कंपनी त्यांच्या वडिलांची, तीन वर्षं झाली त्याच बघतात. हिशेबानं बोलतात, आवाज चढवत नाहीत. त्यानं जास्त दमायला होतं.

"माल गरम आला होता, नोंद आहे. खड्डा चौकोनी कापला होता, फोटो आहेत. मग उरलं कोण?"

उरला रोलर. रोलरवर माझा थोरला भाऊ, दादा. चौसष्ट वर्षांचा. त्या दिवशी तो त्या ठिगळांवर उगाच फिरत बसला, माल गार झाला तरी थांबला नाही, असं बाईंच्या कानावर आलंय. खरं असेल. गार मालावर रोलर फिरवत राहिलं की माल आतून फुटतो, हे मलाही माहीत आहे. मला शिकवलं दादानंच!

"तुम्ही मुकादम आहात. आठ-दहा दिवस लक्ष ठेवा. त्यांचं होत नसेल तर उतरवा. तुम्हीच सांगा त्यांना, घरचं माणूस आहे."

घरचं माणूस आहे म्हणूनच तर! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दादाला रोलर सोडून काही येत नाही. चौतीस वर्षं त्या एका खुर्चीवर बसलाय. उतरवला तर कुठं बसेल?

आणि ते काम झालं तो माझा रजेनंतरचा पहिला दिवस होता. बायको जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्या दिवसाचं मला धड काही आठवत नाही. मार्चची पानं उघडून पाहिली — सगळी कोरी. दादावर लक्ष ठेवायला हवं होतं, तेही मी ठेवलं नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

दंतवैद्याच्या घरापुढचा गाडीरस्ता. भेगा झाडल्या, आतलं गवत उपटलं, गरम डांबर ओतलं, वर रेती. दंतवैद्य बाहेर येऊन म्हणाला, "तुमचा आमचा धंदा एकच हो, पोकळ्या भरायच्या." बुटका खूप हसला. बुटका म्हणजे आमचा माल पसरवणारा, सहा फूट उंच. मला हसू आलं नाही. हल्ली गालच उचलत नाहीत.

फाटकापाशी छोटं ठिगळ होतं, तेवढ्यासाठी रोलर आणला. दादावर लक्ष ठेवलं. चढताना त्यानं डावा गुडघा हातानं उचलून पायरीवर ठेवला. वळताना एका कडेला बोटभर उंचवटा राहिला, तो त्यानं परत येऊन दाबला. मधे दोनदा थांबून डोळे पुसले.

सगळं टिपून ठेवलं. थोरल्या भावाच्या चुका वहीत लिहितोय. शाब्बास रे पठ्ठ्या!

शनिवार, १३ एप्रिल

सुट्टी. तिचा कप धुऊन परत जागेवर ठेवला. वापरलेला नव्हता.

बुधवार, १७ एप्रिल

दुकानांच्या मागचं पार्किंग. ऊन. माल उशिरा आला, म्हणून सगळ्यांची धावपळ. दादानं रोलर मागे घेतला आणि बुटक्याचं फावडं खाली आलं. दांडा मोडला, पातं सपाट.

बुटका म्हणाला, "दादा, इस्त्रीच करायची होती तर सांगायचं, शर्ट आणला असता."

सगळे हसले. दादाही. आणि माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो त्याच्यावर — दिसत नाही का, फावड्याच्या जागी पाय असता तर! जन्मात पहिल्यांदा. दादा एवढंच म्हणाला, "चुकलं."

फावडं रोलरच्या मागे टाकून पाणी प्यायला गेला होता बुटका. ते मी पाहिलं होतं. तरी ओरडलो.

जेवताना दादानं त्याचा अर्धा डबा माझ्याकडे सरकवला. वहिनी हल्ली डबा मोठा देते. "खा. तोंड बघ केवढंसं झालंय." खाल्लं. त्याचंच अन्न खाल्लं आणि मनात त्याला उतरवायची वाक्यं जुळवत बसलो. स्वतःची लाज वाटली, पण घास थांबला नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल

सांगून टाकलं.

यार्डात दादा रोलर धूत होता. मी आठवडाभर घोकलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "दादा, बाई म्हणतात की आता..."

"बाई म्हणतात की तू?"

खोटं बोलवेना. म्हणालो, "मी."

त्यानं पाण्याचा पाइप बंद केला. फडक्यानं खुर्ची पुसली, कोपरे काढून, जशी रोज पुसतो तशीच. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली. "ब्रेकला जरा जोर लागतो. नव्या माणसाला आधीच सांग, नाहीतर दचकेल."

मी थांबलो. वाटलं, भांडेल, शिव्या घालेल, निदान का म्हणून विचारेल. मला बरं वाटलं असतं! तर म्हणतो काय — "झोप लागते का तुला?"

भयंकर राग आला. आपण माणसाचं काम काढून घ्यावं आणि त्यानं आपल्या झोपेची चौकशी करावी! तसाच निघून आलो.

सोमवार, २२ एप्रिल

नवी रोलरवाली आली. तिशीची, कमी बोलणारी. हात चांगला आहे. कडा अशा की दोरी लावून आखल्यात. बुटक्यानं तिला एक विनोद सांगितला, तिनं ऐकून घेतला आणि कामाला लागली.

मन हलकं झालं. लगेच वाटलं, हलकं कशाला होतंय? दादाला फोन करावा म्हणून चारदा मोबाइल हातात घेतला. केला नाही. बोलायचं काय, रोलर छान चाललाय म्हणून?

रविवार, २८ एप्रिल

हॉस्पिटलनं आजचा दिवस दिला. दारासमोरचा खड्डा आणि त्याच दिवशी घातलेली बाकीची चार ठिगळं, सगळी काढून नवी घालायची. बाकीची वरून शाबूत दिसत होती. बाईंचा हट्ट की ठेवायची नाहीत, गार मालाची आहेत.

बुटक्यानं पहिल्याच्या कडेला पहार घातली आणि नुसती दाबली. अख्खं ठिगळ उचललं गेलं! एकसंध, पाट उचलावा तसं. दोघांनी धरून उलटं केलं.

माल घट्ट होता. दाबलेला, अंगाला अंग लागलेला. रोलरचं काम चोख. पण खालची बाजू कोरडी. जुन्या थरावर धूळ, आणि त्या धुळीत आमच्या झाडूचे फराटे जसेच्या तसे.

टॅक मारलाच नव्हता. नवा माल टाकण्याआधी खाली पातळ डांबर फवारतात, तो टॅक. त्यानंच जुना थर नव्याला धरून ठेवतो. तो असला की ठिगळ पहारीनं तुकडे-तुकडे होऊन निघतं, असं अख्खं सुटून येत नाही. बाकीची तीनही तशीच निघाली.

नव्या रोलरवालीनं सरळ विचारलं, "टॅक कोण मारतं तुमच्याकडे?"

बुटका पहार पुसत राहिला. टॅकचा पंप गेली अकरा वर्षं माझ्या पाठीवर असतो. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही. पोरं विसरतात म्हणून!

मी विसरलो. पंप भरला होता का, गाडीतून उतरवला होता का, काही आठवत नाही. साप साप म्हणून भुई धोपटली, आणि भुई म्हणजे माझा सख्खा भाऊ. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला आठ दिवस वही घेऊन फिरलो.

आज पाचही खड्ड्यांत टॅक मारला. एकदा मारून झाल्यावर परत मारायला लागलो तेव्हा बुटका म्हणाला, "बास की, आता पोहायचंय का त्यात?" तो चेष्टा करून मला सावरत होता. बाईंना तो सांगणार नाही. रोलरवालीला आमचं मागचं काही माहीत नाही. मी गप्प बसलो तर हे कुणालाही कळणार नाही. असा विचार आला. आला हे लिहून ठेवतो.

सोमवार, २९ एप्रिल

ऑफिस उघडायच्या आधी दारात उभा होतो. बाईंना सगळं सांगितलं. टॅक माझा, चूक माझी, दादाचा काडीचा संबंध नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण तुमचे दादा स्वतः येऊन कबूल करून गेले. दहा तारखेला."

काय कबूल?

"की त्यांच्या हातून माल गार झाला. नजर अधू झालीय म्हणाले. मला काढा, पण मुकादमाला काही विचारत बसू नका, आणि मी येऊन गेलो हे त्याला सांगू नका. मला वाटलं, भावापुढे लाज वाटत असेल. म्हणून तुम्ही सांगाल तोवर थांबले."

दहा तारीख. म्हणजे मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागलो त्याच्या आदल्या दिवशी.

बाईंनी टॅक बुटक्याकडे दिला. मुकादमीचं काय ते पुढच्या आठवड्यात ठरवू म्हणाल्या. दादाला परत घ्यायचं म्हणाल्या, तो आला तर. मी हो-हो म्हणालो.

मंगळवार, ३० एप्रिल

दादाच्या घरी गेलो. तो झोपला होता. वहिनी म्हणाली, उठवू नका भाऊजी, डोळा लागलाय.

मग स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. त्या दिवशीच त्याला रोलरवरून दिसलं होतं. तोवर पाचही खड्ड्यांत माल पसरून झाला होता, पंप गाडीतच होता. माल उचलायला लावला असता तर सगळ्यांसमोर माझी चूक निघाली असती. म्हणून जितका दाबता येईल तितका दाबत राहिला, निदान वजनानं तरी धरेल म्हणून.

"मी भांडले ह्यांच्याशी," वहिनी म्हणाली. "म्हटलं, त्यांची चूक तुम्ही का घेता? तर म्हणाले, माझा रोलर गेला तर मी घरी तुझ्याजवळ येऊन बसेन. त्याचं काम गेलं तर तो कुणाजवळ बसेल?"