एकाच नावाचे दोघे

आप्पा, "मशीनला काय कळतंय बाई, गुरुजी कोन अन् एजंट कोन?" असं तुम्ही एका दुपारी विचारलं होतंत आणि मी हसले होते. वडवणीच्या त्या साप्ताहिकाच्या एका खोलीत मी टायपिंग करायची. तुमची नजर गेल्यावर तुम्ही शेजारच्या स्टुलावर बसून लेख सांगायचात आणि मी ते थेट कॉम्प्युटरवर उतरवायची. धरणात गेलेल्या आपल्या गावाचे लेख. कुणाच्या विहिरीला गोडं पाणी होतं, पारावर कोण कुठं बसायचं. त्याच साप्ताहिकात तेलगावचे विमा एजंटही लिहायचे. त्यांचं नाव तेच, आडनावही तेच. पण तुम्हा दोघांना नावानं ओळखत होतं कोण? तुम्ही गुरुजी, ते एजंट. संपादक आतून ओरडायचे, "गुरुजीचं झालं का? मंग एजंटाचं घे, त्यांचं लई लांबतंय."

साप्ताहिकाची साइट निघाली तेव्हा नवे लेख आपोआप बाहेर पाठवणारी फीड मीच लावली. तिच्यात लेखकासाठी तीन रकाने होते. नाव, ईमेल आणि त्याच्या स्वतःच्या पानाचा पत्ता. नाव सारखं असलं तरी बाकीच्या दोहोंवरून माणूस वेगळा कळावा म्हणून. तुमच्याकडे ना ईमेल होता ना पान, आणि एजंटांकडेही नव्हतं. मी दोघांच्या रकान्यात साप्ताहिकाचाच ईमेल टाकला आणि तिसरा रकाना रिकामा सोडला. तुमच्यासाठी ईमेल काढायला कितीसा वेळ लागला असता? सगळे ओळखतात की, असं म्हणून मी काढला नाही.

तुम्ही गेलात, मग साप्ताहिक बंद पडलं, कॉम्प्युटर भंगारात गेला. उरलं ते फक्त दुसऱ्या एका साइटनं त्या फीडमधून उचलून ठेवलेलं. तिथं नाव एक, ईमेल एक, म्हणून माणूसही एक. आपलं बुडालेलं गाव आणि एजंटांनी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला लिहिलेली कौतुकं एकाखाली एक लागलेली आहेत, आणि वर फोटो एजंटांचा. मी त्या साइटवाल्यांना लिहिलं. त्यांनी सभ्यपणे कळवलं की लेखकाची वेगळी ओळख दाखवणारं काही असेल तर पाठवा. काय पाठवू? तुमच्या हातचा एक कागद नाही. सांगणारे तुम्ही आणि उतरवून घेणारी मी, तुमचीच मुलगी.

एजंटांचा मुलगा त्यांच्या लेखांचं पुस्तक काढतोय असं कळलं, म्हणून मागच्या आठवड्यात तेलगावला गेले. एजंट आता फार थकलेत. "ये माय, गुरुजीची लेक ना तू?" म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. मुलानं त्या साइटवरून छापून आणलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. पहिलाच लेख आपल्या विहिरीचा.

"हा आप्पांचा आहे, काका."

"न्हाई माय. आमचं बी रान गेलतं धरणात. पोरानं वाचून दाखवला तवा मी रडलो. दुसऱ्याचं ऐकून मानूस असा रडंल का?"

ते खोटं बोलत नव्हते, आप्पा. खोटं बोलत असते तर भांडता आलं असतं. मी तुमचे लेख एकेक करून बाजूला काढत होते, आणि ते एकेक पान उचलून परत गठ्ठ्यात लावत होते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. त्या गठ्ठ्यातल्या एका नावाड्यावरच्या लेखावर बोट ठेवून मी "हाही आप्पांचाच" म्हणाले. परत येताना एसटीत खूप आठवून पाहिलं. तो तुम्ही सांगितल्याचं आणि मी टाइप केल्याचं मला आठवत नाही. चांगला होता, म्हणून तुमचा म्हणाले.

पुस्तक सोमवारी छपाईला जाणार आहे. उद्या पुन्हा तेलगावला जाईन. लेख मागणार नाही. मुलगा म्हणेल, "ताई, आता पानं लागली," आणि काका मान हलवतील. तरी हात जोडून एवढं म्हणणार आहे की काका, पहिल्या पानावर एक ओळ घाला, तुमच्याच नावाचा आणखी एक माणूस वडवणीत लिहीत होता.