बघ्याचं एकच वाक्य

रविवार, ९ मार्च

दुकान बंद. सकाळी चादरी धुतल्या. दुपारी जेवून पेपर वाचला. संध्याकाळी आवारातल्या सभागृहात कार्यक्रमाला गेलो आणि एक भाडेकरू ठरवून घरी आलो.

ताईंना नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? अण्णा काठी वापरतात की नुसती दाराशी उभी करून ठेवतात? माझी तब्येत बरी आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम चालू आहे आणि तुम्ही विचारता म्हणून सांगतो, वेळेवर जेवतो. फोनवर मला बोलणं जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे (मागच्या खेपेला तुम्ही सारखं ‘लाइन तुटली का हो?’ विचारत होतात; लाइन चांगली होती, मी ऐकत होतो), म्हणून लिहायला बसलो.

आमची ही दरवर्षी आवारात ‘उठा, बोला’ नावाचा कार्यक्रम करायची ते तुम्ही पाहिलं आहे. कुणाला जातीवरून, कामावरून, कपड्यांवरून हिणवलं जात असेल, तर शेजारपाजाऱ्यांनी मान खाली घालून निघून न जाता काय करावं, याची चक्क तालीम. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच. मोठ्या बाई (मुख्याध्यापिका होत्या; त्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायची आहे) घरी आल्या आणि म्हणाल्या, “यंदा तिच्या आठवणीत करतोय. तुम्ही हवातच.” मी म्हटलं, मला बोलता येत नाही. तर म्हणाल्या, “म्हणून तर बघ्याचं काम दिलंय!”

नाटुकलं साधं होतं. एक बाई भाड्याने जागा बघायला येते. तिच्या कामाचं ऐकून घरमालक नाही म्हणतो. मग आजूबाजूचे बघे एकेक करून उठतात आणि बोलतात. घरमालक झाले होते आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. माणूस गोड आहे. कुणाला नकार द्यायचा झाला तर आधी बसायला खुर्ची देतात. भाडेकरू बाई म्हणजे औषधांच्या दुकानातल्या काकू. मी शेवटचा बघ्या. मला एकच वाक्य होतं : ‘मी यांच्या बाजूने आहे.’ आठवडाभर ते मी काचा घासता घासता पुटपुटत होतो. एकदा जरा मोठ्याने निघालं. तेव्हा काउंटरवर एक गिऱ्हाईक मालकांशी फ्रेम सैल असल्यावरून वाद घालत होतं. त्याला जोर चढला, मालकांना फ्रेम बदलून द्यावी लागली, आणि त्यानंतर ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. (मला ते सोयीचंच आहे.)

कार्यक्रम सुरू झाला. आधी हिच्या फोटोला हार, मग भाषणं. त्याबद्दल लिहीत नाही. मग सेक्रेटरी टेबलामागे जाऊन बसले, आणि काकूंचा पत्ता नाही. दुकानात गर्दी होती म्हणे. लोक चुळबुळ करायला लागले, तेवढ्यात बाजूच्या दारातून एक चाळिशीची बाई आत आली, खांद्याला पिशवी, आणि तिने विचारलं, “सेक्रेटरी कोण? फाटकावर जागेची पाटी बघितली.” मोठ्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकून टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, काकूंनी बदली पाठवली. सेक्रेटरींनाही तसंच वाटलं. त्यांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, “काम काय करता?”

“इस्पितळात आहे. शवागारात.”

मागून कुणीतरी म्हणालं, “वा, काय निवडलंय!” आणि पुन्हा टाळ्या. (आमच्या कागदात नुसतं ‘सफाईचं काम’ असं होतं.) ती बाई जरा बावचळली, पण बोलत राहिली. आत्ताच्या मालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितली आहे, दोन ठिकाणी कामाचं कळल्यावर नाही म्हणाले, म्हणून इथे आधीच सांगून टाकते, लपवालपवी नको.

सेक्रेटरींचा चेहरा तेव्हा बदलला. हे खरंच आहे हे सगळ्यांत आधी त्यांना कळलं, कारण वरच्या मजल्यावरची जागा खरीच रिकामी आहे आणि पाटी त्यांनीच लावली आहे. त्यांनी कागद खाली ठेवला आणि मऊ आवाजात सुरू केलं, “बसा ना, खुर्ची घ्या. माझं स्वतःचं काही नाही हो. पण आवारात म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. लोकांच्या मनात येतं.” ताई, लोक हसून हसून बेजार झाले. तालमीत त्यांना एकदाही इतकं चांगलं जमलं नव्हतं. शेजारचे शिंपी मला कोपराने ढोसून म्हणाले, “सेक्रेटरी आतल्या गाठीचा कलाकार निघाला की!”

मोठ्या बाई ओरडल्या, “बघ्यांनो, उठा!” आणि बघे उठले. शिंपी गरजले, “हा अन्याय आहे!” पोस्टातले काका म्हणाले, “आम्ही हे चालू देणार नाही!” त्या जोशात ज्यांना काम दिलं नव्हतं तेही उठले. ती बाई सगळ्यांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तिने पदराने ते पुसले आणि विचारलं, “मग जागा मिळेल ना मला?”

आणि नेमक्या त्याच वेळी पुढच्या दारातून काकू धापा टाकत आल्या. “झालं का सुरू? माझं वाक्य कुठलं?”

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. कुणी काही वाईट बोललं नाही. सगळे खाली बसले, इतकंच. शिंपी चप्पल शोधू लागले. पोस्टातल्या काकांना खोकला आला. मोठ्या बाईंनी पहिल्यांदाच कुणाला गप्प बसवलं नाही, कारण सगळे आधीच गप्प होते. मी एकटा उभा राहिलो, कारण माझ्या खुर्चीवर कुणीतरी हारांची टोपली ठेवली होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं वाक्य शिल्लक होतं. ते मी म्हटलं. त्या बाईने विचारलं, “म्हणजे काय, काका?” आता याचं उत्तर कागदात नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे.

ती रिकामी नाही हे तुम्हाला माहीत आहे. हिचे सगळे फलक, काठ्या, रंगाचे डबे आणि तो भोंगा तिथेच आहे. तुम्ही परत गेलात त्या दिवशी मी दार लावून घेतलं ते लावलेलंच होतं. (‘गप्प बसू नका’ असं लिहिलेल्या इतक्या पाट्यांबरोबर माझ्यासारख्या माणसाने संसार केला, याचं तुम्हाला कायम हसू यायचं.) शवागारातल्या माणसाचं काम काय असतं ते मला आता माहीत आहे. त्यांनी हिला ज्या हळुवारपणे आमच्या ताब्यात दिलं, ते बघितल्यावर मी कुठल्या तोंडाने नाक मुरडणार?

तर असा सगळा घोटाळा झाला. अण्णांना नमस्कार.

तुमचा,
धाकट्या बहिणीचे यजमान

ता. क. : सेक्रेटरी घरी येऊन गेले. “तुम्ही भोळे, चुकून बोलून बसलात, मी तिला समजावतो,” म्हणाले. शिवाय एकटा पुरुष, घरात परकी बाई, लोकांच्या मनात येतं. हे मात्र मलाही पटलं. तेव्हा खरी विनंती ही, की तुम्ही महिनाभर येऊन राहावं. अण्णांनाही आणा. ती शनिवारी सामान आणणार आहे. तुम्ही शुक्रवारी याल तर बरं. मला कुणाशी ओळख वगैरे करून देणं जमत नाही.

आणखी एक : टोपली खुर्चीवर मीच ठेवली होती. जागेचं सगळं खरं आहे हे मला सेक्रेटरींच्या पाठोपाठ कळलं होतं आणि मी बसून जाईन अशी भीती वाटली. आवारातल्यांना चूक झाली असंच समजू द्या. नाहीतर पुढच्या वर्षी मोठ्या बाई मला भाषण करायला लावतील.

सोमवार, सकाळ : पत्र टाकायचं राहिलं. पाट्या माझ्या खोलीत भिंतीला लावून ठेवल्या. आमचे दोन पलंग सरकू नयेत म्हणून हिने पायांशी सुतळीने एकत्र बांधले होते. गाठ सुटेना, शेवटी कात्रीने कापली. खिडकीकडचा पलंग ढकलत येणाऱ्या बाईच्या खोलीत नेला, त्यावर धुतलेली चादर घातली आणि दुकानात जायला निघालो.