आलुबुखारांच्या मांडणीतले साप

लिपोवेत्स, १८ सप्टेंबर १९८३

चि. राडिम यास अ. उ. आ.

तू पलटणीत जाऊन बसलास आणि तुझे साप माझ्या दारात आले. काल तुझा बाप गाडीतून उतरला तो मान खाली घालूनच, तेव्हाच मी ओळखलं. त्याच्या नव्या बायकोने बजावलं म्हणे, घरात एक तर साप राहतील नाही तर मी. मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, साप ठेव. काचेच्या पेट्या त्याने बटाट्याच्या पोत्यांत कोंबून आणल्या, त्या वाटेतच फुटल्या. चारही साप आता कपडे उकळायच्या हंड्यात आहेत, वर झाकण, झाकणावर इस्त्री. मला भीतीबिती नाही, जन्मभर कोंबड्यांच्या माना मुरगळल्या. पण माझ्याकडे चूल पेटते ती फक्त स्वयंपाकघरात, आणि थंडी तोंडावर आली. जनावरं गारठून मेली तर मला बोल लावू नकोस. काय करायचं ते लिही, आणि मला कळेल असं लिही. मी शाळेत जायची ती शेतात बटाटे काढायचे नसले तरच.

बूट कोरडे ठेवीत जा. माया आहे, पण ती तुझ्यावर, त्यांच्यावर नाही.

तुझी आजी,
हेडविका


छावणी, २७ सप्टेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळताच सुट्टी मागायला गेलो. सार्जंटने कारण विचारलं. साप म्हटल्यावर तो इतका हसला की बाहेरची मुलं आत बघायला आली. नाताळपर्यंत सुट्टी नाही. सगळं तुझ्यावर आलं आहे.

माळ्यावर आलुबुखार सुकवायची लाकडी मांडणी आहे ना? ती खाली काढ. जाळ्या काढून खणाखणात फळ्या घाल आणि त्यांवर प्लास्टिकचे डबे सरकव. डब्याला झाकण नको, वरची फळी हेच झाकण. मधे करंगळी जाणार नाही एवढीच फट ठेव, नाही तर सकाळी साप तुझ्या चपलेत सापडेल. तापल्या सुईने डब्यांना भोकं पाड. सामानात तापणारी वायर आहे, ती खणांच्या फक्त मागच्या बाजूने ने. मागे ऊब, पुढे गारवा, म्हणजे सापाला हवं तिकडे सरकता येतं. वायरीला थर्मोस्टॅट जोडलेला आहे. त्याच्या तारेचं टोक ऊब मोजतं. तापलं की वायर बंद, निवलं की चालू. त्याची चाकी मात्र फिरवू नकोस.

लाल ठिपक्यांची बेर्टा तेवढी जप. आई गेली त्या वर्षी ती माझ्या तळहातावर अंड्यातून निघाली.

तुझ्या लोभाचा भुकेला (आणि तुझ्या त्या गोड भरल्या पावांचा, बुख्तींचाही),
राडिम


लिपोवेत्स, २२ ऑक्टोबर

चि. राडिम यास अ. उ. आ.

झाली तुझी मांडणी. शेजारच्या मात्येयला बोलावलं. आयुष्य रेल्वेत काढलं, पण फळी सरळ कापता येत नाही त्याला. एक साप त्याच्या बाहीत शिरला तेव्हा माणूस टेबलावर चढला, या वयात! मीच ओढून काढला. तुझे डबे नीट बसलेत, फटीत करंगळी जात नाही. गोठ्यातले उंदीर खाऊन तुझी बेर्टा माझ्या विहिणीसारखी सुटली आहे.

मांडणी कोठीत ठेवली, दुसरीकडे जागा नाही. काल खिडकीवर बर्फाचा थर आला आणि डबे हाताला गारच लागले. मग मी माझी पिसांची दुलई चारही बाजूंनी लपेटली. दुलईत भाताचं पातेलं गुंडाळून ठेवलं की भात आपोआप शिजतो, पीठ फुगतं, साप तर उबेलाच हपापलेले. तुझ्या त्या तारेचं टोक दुलईत मोडेल म्हणून बाहेर खिळ्याला टांगून ठेवलंय, काळजी नको. आता डबे असे ऊबदार झालेत की मलाच आत जाऊन झोपावंसं वाटतं.

आलुबुखारांच्या बुख्ती वेगळ्या पाठवते. वाटून खा, पण त्या सार्जंटला देऊ नकोस.

आहे तशी,
तुझी आजी


छावणी, २९ ऑक्टोबर

आजी,

दुलई काढ. हे वाचतेस त्या क्षणी ऊठ आणि दुलई काढ, प्लग काढ. टोक बाहेर थंडीत लटकलंय, त्याला वाटतंय अजून गारच आहे, म्हणून वायर बंदच होत नाही. ते टोक डब्यामागे, वायरीपाशी हवं. मी ते लिहिलंच नाही. मला वाटलं, ते कुणालाही कळेल.

तार करायला फाटकाबाहेर सोडा म्हटलं. सार्जंट म्हणाला, घरात कुणी मेलं तर तार करता येते, मरू नये म्हणून नाही. पत्राची पेटी आता सोमवारी उघडणार. मी पेटीसमोर उभा राहून लिहितोय.

राडिम


लिपोवेत्स, ६ नोव्हेंबर

चि. राडिम यास अ. उ. आ.

तुझं पत्र उशिरा पोचलं. गोड करून सांगायची मला सवय नाही, तेव्हा ऐक. बेर्टा मेली. वरच्या खणात होती, सगळी ऊब वर चढलेली. तुझं पत्र यायच्या आधी एकदा डबा ओढला तर ती लांबच लांब पसरलेली, तोंड पुढच्या भोकाला लावून. मला वाटलं, उबेत सुस्तावली. डबा सरकवून परत दुलई नीट केली मी. मधले दोघेही गेले. जमीन कडक झाली आहे, मात्येयने पहारीने खड्डा केला.

खालच्या खणातला करडा, ज्याला तू नावही ठेवलं नाहीस, तो जिवंत आहे. त्याच्या कातडीला सुरकुत्या पडल्या आहेत. पाणी ठेवलं, पीत नाही. टोक तू म्हणालास तिथे लावलं, पण आता वायर चालू केली की वाटतं, हाही भाजतोय. बंद केली की वाटतं, गारठतोय. पिठाची ऊब मला कळते, तापलेलं पोर कळतं, ह्याचं काही कळत नाही. ओरडत नाही, कण्हत नाही. डब्यात हात घालून बसले की मनगटाला वेटोळं घालतो आणि तसाच पडून राहतो. हे बरं की वाईट?

तू लिहिशील, पण ते पोचेल तेव्हा ह्याचं काय ते होऊन गेलेलं असेल. तरी लिही. मी एका हाताने लिहिते आहे, दुसरा त्याच्यापाशी आहे.

माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा असू दे.

आजी