पाचवा ब्लॉक, तिसरी वेळ

सोम., ५ मे
निखिलचा फोन. पाच महिन्यांनी. भेंडी चिरता चिरता उचलला.
डिसेंबरात, हॉल बुक झाल्यावर, "मला लग्न झेपणार नाही" म्हणाला होता. आज काय? "तेजू, चार ब्लॉक तू बसवलेले. पाचवा राहिलाय. हात बदलला तर आधीचे आकडे बाद. येशील?"
कशी आहेस, नाही. वॉटर ब्लॉक! कॉम्प्युटरच्या प्रोसेसरच्या डोक्यावरचा तांब्याचा ठोकळा, आतून पाणी खेळणारा. पाचांत कोण जास्त गार ठेवतो ते त्याला वेबसाइटवर टाकायचंय. माणूस गेला तरी चालेल, आकडे बाद होता कामा नयेत.
"बघते" म्हटलं. खरं तर फोन आपटायचा होता.

मंगळ., ६ मे
आईने स्थळ आणलंय. कल्याणचं. रविवारी पाचला येणार.
बाबा पेपरमागून, "बाळा, मनात काही असेल तर आत्ता सांग. लोकांना घरी बोलवून मग नको."
मनात आहे, पण त्याला मी नकोय. हे बाबांना कसं सांगायचं?
"या म्हणा" म्हटलं.

बुध., ७ मे
नि.ला कळवलं, उद्या येते. का, ते विचारू नये (मीच मला).
प्रोसेसर आणि ब्लॉकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट नेहमी मी लावायचे, मेंदीचा हात म्हणून. प्रोसेसरवर साबुदाण्याएवढा ठिपका, वर ब्लॉक, चार स्क्रू आलटूनपालटून. मग काढायचा, पुसायचा, पुन्हा. तीन वेळा बसवून सरासरी. "तुझ्या हाताने तिन्ही वेळा सेम येतं यार, मशीन आहेस तू!" हे मला कौतुक वाटायचं. प्रेमच वाटायचं.
सगळ्या बहिणींच्या हातांवर मेंदी काढून झाली. माझी राहिली.

गुरु., ८ मे
हाफ डे. घोडबंदरला दीड तास रिक्षात. एकोणिसावा मजला, लग्नानंतर आमचा होणार होता तो फ्लॅट. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या टाइल्स मी निवडलेल्या, तशाच आहेत.
चाचणीची खोली बंद, पंखा बंद. खोलीचं तापमान हलता कामा नये, म्हणून तासभर आधीपासून असंच. दोघं घामाने निथळत. नि. वाळलाय, दाढी वाढलीय. विचारलं नाही.
एकदा बसवला. खोलीपेक्षा ३१.४ अंश वर. दुसऱ्यांदा ३१.३. तो चहा टाकायला गेला, मी चौथ्या ब्लॉकचे आकडे बघायला वही मागे उलटली.
त्याचं अक्षर. २ मे. "ब्लॉक ५, माझा हात, तीन वेळा. सरासरी ३१.५." खाली, मी बसवलेला दुसरा ब्लॉकसुद्धा त्याने पुन्हा लावून पाहिलेला. त्याखाली, "तेजूचा हात, माझा हात: फरक नाही."
आधी एवढंच वाचलं. एवढ्या वर्षांची माझी किंमत, फरक नाही. मग तारीख पुन्हा वाचली. दोन तारखेलाच याला कळलं होतं. फोन पाच तारखेला केला.
वही मिटली. चहा आला. आलं घातलेला, मला लागतो तसा.
"तिसरी वेळ राहिली," म्हणाला.
"उशीर झालाय," म्हटलं, आणि निघाले.

शुक्र., ९ मे
ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले. एवढी सगळी मोजमापं करतो आणि एक वाक्य बोलता येत नाही? की मीच वाळूतून तेल काढतेय? बोलवून घेतलं म्हणजे हवी आहे असं थोडंच. डिसेंबरातही चहात आलं घालायचाच की.
आईने साडीला फॉल लावला.

रवि., ११ मे
सव्वाचार. नि.चा मेसेज. "ब्लॉक ५, तिसरी वेळ. आज जमेल? खोली बंद करून बसलोय."
या उकाड्यात. पंखा बंद करून. झालेल्या चाचणीसाठी.
मी वही पाहिली हे त्याला माहीत नाही. लिहिलं, "तूच लाव ना. हात बदलला तर काय होतं?"
बोलेल, आता तरी बोलेल. मी साडी नेसून पलंगावर, मोबाईल मांडीवर.
मग आलं, "आकडे बाद होतात."
खोटारडा. राग यायला हवा होता, पण रडूच फुटलं. काजळ गेलं.
खाली रिक्षा थांबलीय. बाबा गॅलरीतून, "आले गं, आले." आई दार वाजवतेय, "तेजू, झालं का? बाहेर ये."

मोबाईल अजून हातात आहे.